शिरगणतीचे प्रश्न व भावी कुलवृत्तांतकार

जुन्या घराण्यांचे रुमाल सोडून पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं, आमच्या पूर्वजांनीं आपला वंश निव्वळ हौसेनें क्वचितच लिहून ठेवला. वतनाचा तंटा पडला, गोतापुढें उभें राहण्याचा प्रसंग आला, म्हणजे करीना लिहिला जाई आणि महजर होई. पुढें इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांस आपला हक्क व वंशपरंपरा शाबीत करणें भाग पडलें आणि त्या निमित्तानें कैफियती व वंशावळी सरकारदप्तरीं दाखल झाल्या. सारांश, कोणीं तरी प्रश्न विचारला म्हणून उत्तर मागें उरलें. ज्यांस वतन नव्हतें त्यांस कोणीं विचारलें नाहीं, व त्यांचे पणजे-खापरपणजे आज आपणांस नांवानेंहि ठाऊक नाहींत.

आतां प्रश्न असा कीं, आणखी शंभर वर्षांनीं आजच्या कुटुंबांचा वृत्तांत जो लिहूं पाहील, त्यास आपण कोणते कागद ठेवून जात आहों? वतनें गेलीं, इनामांची चौकशी संपली. घरोघर जाऊन, वतनदार व बिनवतनी असा भेद न करितां, प्रत्येक मनुष्याची विचारपूस करणारी व्यवस्था म्हणजे शिरगणती. खानेसुमारी हा शब्द व तो प्रकार पेशवेदप्तरांतहि आढळतो. परंतु सबंध हिंदुस्थानांत एकाच वेळीं अशी गणना प्रथम झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ (शके १८०२) रोजीं. तेव्हांपासून इ. स. २०११ पर्यंत दर दहा वर्षांनीं हा क्रम चुकला नाहीं. इ. स. २०२१ ची गणना महामारीमुळें लांबली, आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें, कांहीं हिमप्रदेश वगळतां, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरविण्यांत आला.

इ. स. २०११ च्या कुटुंबपत्रकांत २९ प्रश्न होते. ते कुलवृत्तांतकाराच्या दृष्टीनें वाचिले असतां त्यांतील कांहींचें मोल फार मोठें आहे असें दिसून येतें. जन्मस्थान, मागील वास्तव्याचें ठिकाण व स्थलांतराचें कारण हे तीन रकाने घ्या. आमच्या बहुतेक वंशावळींत स्त्रियांचीं नांवें नाहींत. असलीं तर सासरचीं आहेत. परंतु या पत्रकांत विवाहित स्त्रीच्या जन्मस्थानापुढें जें गांव पडतें तें पुष्कळदां तिचें माहेर असतें, आणि स्थलांतराचें कारण ‘विवाह’ असें लिहिलें असलें म्हणजे त्यास दुजोरा मिळतो. तसेंच, विवाहित, विधवा वगैरे स्त्रियांस हयात अपत्यें किती व एकंदर झालीं किती, हें मुलगे व मुली निरनिराळे करून विचारलें होतें. या दोन आंकड्यांच्या वजाबाकींत घरांतील गेलेलीं मुलें येतात. कोणत्याहि वंशावळींत त्यांस जागा नसते. इंग्लंडांत इ. स. १९११ च्या गणनेंत असाच प्रश्न होता, व तीं पत्रकें खुलीं झाल्यावर, ज्यांचा उल्लेख घरांत कोणीं केला नव्हता अशा बालकांचा पत्ता तेथील कुटुंबांस त्यावरून लागूं शकतो.

उणीवाहि सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक मनुष्याचें नातें कुटुंबप्रमुखाशीं लिहिलें जातें, परस्परांशीं नाहीं. तीन भाऊ एकत्र नांदत असतील तर ‘पुतण्या’ एवढ्यावरून तो कोणत्या भावाचा हें कळत नाहीं. आईबापांच्या नांवाचा स्वतंत्र रकाना नाहीं. माहेरचें आडनांव, मूळ गांव व कुलदैवत यांविषयीं प्रश्न नाहीं. वयें शून्य किंवा पांच या अंकांवर येऊन थांबतात हा दोष तर सर्व गणनांत दिसतो.

साक्षीच्या दृष्टीनें मात्र हा कागद वतनी कागदाहून वेगळ्या जातीचा आहे. वतनासाठीं लिहिलेल्या करीन्यांत लिहिणाराचा स्वार्थ असतो. एखादी शाखा गाळली जाते, एखादा पूर्वज अधिक जुना होतो. शिरगणतीच्या उत्तरानें कोणाचें शेत सुटत नाहीं कीं बुडत नाहीं, इ. स. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणें तें पुराव्यांत घेतांच येत नाहीं. तथापि ही साक्ष अगदींच निर्लेप आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. इ. स. १९०१ च्या गणनेंत रिस्ले साहेबांनीं जातींचा सामाजिक अनुक्रम लावण्याचें मनांत आणतांच वरचें स्थान मागणारे अर्ज ठिकठिकाणाहून आले. सर्व जातींची नोंद इ. स. १९३१ नंतर प्रसिद्ध झाली नाहीं. पुढील गणनेंत ती घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजीं झाला, तेव्हां त्या रकान्यापुरती ही सावधगिरी भावी संशोधकानें अवश्य बाळगावी.

परंतु खरें दुःख याहून निराळें आहे. इंग्रजी अमदानींतील आमच्या गणनांचीं घरोघरचीं पत्रकें, त्यांतून आंकडे काढून झाल्यावर, नष्ट करण्यांत आलीं. ग्रंथालयांत जे जाडजूड खंड आहेत त्यांत जिल्हे व तालुके आहेत, माणसें नाहींत. इंग्लंडांत इ. स. १९२१ चीं पत्रकें शंभर वर्षांनंतर, जानेवारी २०२२ मध्यें खुलीं झालीं; अमेरिकेंत ही मुदत ७२ वर्षांची असून इ. स. १९५० चीं पत्रकें १ एप्रिल २०२२ रोजीं पाहावयास मिळालीं. आमच्या कायद्याचें पंधरावें कलम पत्रकांचें निरीक्षण मना करतें, पण तें अमुक वर्षांनंतर खुलें होईल असें म्हणत नाहीं. गुप्तता असावी हें आम्हांस मान्य आहे. जिवंत माणसाचा संसार चव्हाट्यावर येऊं नये. परंतु गुप्तता ही मुदतीची असते, नाश हा कायमचा. आयर्लंडची गोष्ट पाहा. तेथील १८६१ ते १८९१ चीं पत्रकें सरकारनेंच नष्ट केलीं, त्यापूर्वींचीं बहुतेक सर्व इ. स. १९२२ च्या यादवींत दप्तरखान्यासह जळालीं. म्हणून संबंध देशाचीं अशीं पत्रकें तेथें १९०१ पासूनचींच उरलीं आहेत. त्याच देशानें ३ एप्रिल २०२२ च्या गणनेंत प्रत्येक कुटुंबास चार शब्द आपल्या मनाचे लिहावयास जागा ठेविली, आणि तीं पत्रकें शंभर वर्षें मिटून ठेवण्याचें ठरविलें.

येणारी गणना यंत्राच्या साहाय्यानें व्हावयाची असल्यामुळें कागदाचा प्रश्न उरणार नाहीं. पण जतनाचा उरेल. कागद कसरीच्या तोंडून अर्धा तरी सुटतो. यंत्रांतील नोंद पुसली म्हणजे पुसली. सरकारनें मुदत घालून तीं उत्तरें राखावीं, अशी मागणी इतिहासमंडळांनीं करणें उचित होईल. तोंपर्यंत आमच्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, गणनेच्या दिवशीं आपल्या घरचीं उत्तरें चांगल्या कागदावर टिकाऊ शाईनें उतरून घ्यावीं. ज्या गोष्टी विचारल्या गेल्या नाहींत, म्हणजे आईबापांचीं नांवें, सुनांचें माहेर, मूळ गांव, गेलेल्या मुलांचीं नांवें, त्या खालीं जोडाव्या. तारीख घालून तो कागद घरच्या दप्तरांत बांधून ठेवावा. दुसऱ्यांचे रुमाल जपण्यांत आपलीं वर्षें गेलीं. आपल्या घरचा एक कागद त्यांत घालण्यास एक संध्याकाळ पुरेल.