विश्वंतराचे दान : अजिंठ्याच्या भिंतीवरील एक कुटुंबकथा

अजिंठा पाहून परतलेले आपले ज्ञातिबांधव पद्मपाणीच्या चित्राची स्तुती करतात, ती योग्यच आहे. तथापि १७ व्या लेण्यात सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर विश्वंतर जातकाची कथा रंगविलेली आहे. तिच्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. वास्तविक घर, नगर व राजा यांच्या परस्परसंबंधांचा इतका खोल विचार करणारे चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

पाचव्या शतकात, वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम येथील वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकिर्दीत एका मांडलिक राजाने हे लेणे खोदविले. धाकट्या भावाच्या मृत्यूचा शोक होऊन तो धर्मकार्याकडे वळला, असे तेथील शिलालेखावरून कळते. अशा दात्याच्या लेण्यात दानशूराची कथा यावी, हे उचितच होय.

शिबी देशाचा राजपुत्र विश्वंतर याने पाऊस आणणारा पांढरा हत्ती अवर्षणाने गांजलेल्या कलिंगातील याचकांना देऊन टाकला. नगरजन खवळले व त्यांच्या आग्रहामुळे पित्याला पुत्रास वनवासास धाडावे लागले. वरवर पाहता नगरजन कृतघ्न भासतात. आम्हांस मात्र त्यांची बाजू खोटी वाटत नाही. हत्तीवर साऱ्या राज्याचे पीकपाणी अवलंबून होते; जे सर्वांचे, ते देण्यापूर्वी चार लोकांस विचारावयास नको होते काय?

पत्नी माद्री व दोन मुले यांसह तो वनात राहतो. तेथे जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येतो. पाणवठ्यावरील बायकांच्या टोमण्यांनी त्रासलेल्या तरुण पत्नीने त्याच्याकडे घरकामास नोकर मागितलेले असतात. माद्री फळे आणावयास गेली असता विश्वंतर जाली व कृष्णाजिना ही मुलेच त्यास देतो. मातेस विचारले नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. पुढे आजोबा धन देऊन नातवंडांस सोडवितात. त्या प्रसंगातील जूजकाचे विचकलेले दात व बोकडदाढी रंगविताना चित्रकाराने हात राखलेला नाही.

या कथाचित्रांना चौकटी नाहीत. खांब, दार किंवा झाड आडवे आले की प्रसंग पालटतो. शिलालेखात दात्याची वंशावळ आहे, चित्रकारांची नावे नाहीत. (आपल्या अंकातही देणगीदारांची यादी असते, छापखान्यातील कामगारांची नसते.)

अखेर विश्वंतरास सन्मानाने परत आणण्यात येते. आणि पाली कथेप्रमाणे, पाऊस पडल्यावर कलिंगाचे लोक हत्तीही परत आणून देतात.