तीन ठोके आणि पामिना

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे अजूनही भुवया उंचावतात. बंद दारं, खाणाखुणा, काहीतरी गूढ! मुंबईत फोर्ट भागात त्यांचं सभागृह आहे, तरी आत काय चालतं हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. अठराव्या शतकातल्या व्हिएन्नामध्ये मात्र फ्रीमेसनांची शाखा, म्हणजे लॉज, ही नव्या विचारांच्या मंडळींची बैठक होती. सरदार, व्यापारी, शास्त्रज्ञ तिथं एकमेकांना 'बंधू' म्हणत.

मोझार्टला या शब्दाचं मोल कळत होतं. १७८१ मध्ये तो साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या चाकरीत होता, तेव्हा त्याचं पान हुजरे आणि आचारी यांच्याबरोबर मांडलं जाई. त्याचा राग त्यानं वडिलांना पत्रातून कळवला आहे. १४ डिसेंबर १७८४ रोजी तो लॉजमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षी वडील लिओपोल्डही आले. पुढं पैशांची ओढाताण सुरू झाली, तेव्हा त्यानं हात पसरला तो मिखाएल पुखबर्ग या व्यापारी बंधूपुढं, आणि पुखबर्गनंही त्याला वेळोवेळी उधार दिलं.

या बंधूंसाठी त्यानं बरंच संगीत रचलं. १७८५ मध्ये दोन सदस्य वारले, त्यांच्या स्मरणार्थ केलेली शोकरचना जरूर ऐका. सहा-सात मिनिटांचीच आहे. बासेट हॉर्नचा दाटलेला आवाज, मधूनच जुन्या चर्चगायनाची धून, आणि शेवटचा स्वरमेळ अचानक उजळ.

पण खरी गंमत आहे ती 'द मॅजिक फ्लूट'मध्ये. ३० सप्टेंबर १७९१ रोजी हा ऑपेरा रंगमंचावर आला, तोही दरबारी नाट्यगृहात नव्हे, तर शहराबाहेरच्या लोकप्रिय थिएटरात. मेसनांना तीन हा आकडा महत्त्वाचा. इथं तीन परिचारिका, तीन मुलं, तीन मंदिरं. मधूनच दारावर ठोके पडावेत तसे तीनदा घुमणारे स्वरमेळ. मुख्य सुरावटीच्या लिपीतही तीन फ्लॅट!

हे सगळं जाणकार सांगतातच. मला महत्त्वाची वाटते ती पामिना. त्या लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. ऑपेरातले पुरोहितही बायकांच्या नादी लागू नका, असं बजावतात. ते ऐकताना आज कानाला खटकतं. आणि तरीही अग्नी आणि पाण्याच्या अंतिम परीक्षेला नायक टामिनो निघतो, तेव्हा पामिना त्याच्या बरोबर जाते. बरोबर कसली, मीच तुला नेते, असं ती म्हणते. ती जादूची बासरीही तिच्या वडिलांनीच कोरलेली! परीक्षा पार पडते आणि मंदिराची दारं दोघांसाठी उघडतात. लॉजचा नियम मोझार्टच्या संगीतानं असा ओलांडला. संहिता शिकानेडरची, हे खरं. पण त्या क्षणाला मिळालेले शांत, निर्भय सूर मोझार्टचे आहेत.

त्याच नोव्हेंबरात लॉजच्या नव्या दालनासाठी त्यानं एक छोटं कँटाटा पूर्ण केलं आणि स्वतः सादर केलं. त्यानं पूर्ण केलेली ही शेवटची रचना. ५ डिसेंबर १७९१ रोजी तो गेला, वय अवघं ३५. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, सम्राटानं ऑस्ट्रियातल्या फ्रीमेसनांवर बंदी घातली.