येडगावच्या पोरी गाऊ लागल्या

"आज गायली तर उद्या लोक म्हणतील, नारायणगावच्या राहुटीतली पोर आहे."

आजीचं हे बोलणं मी अकरा वर्षांची असताना ऐकलं. साल १९७९. येडगावला कुकडीवरचं धरण नुकतंच झालं होतं. शाळेच्या गॅदरिंगसाठी आम्ही पाच मुलींनी एक गवळण बसवली होती. आईच्या नऊवारीचे काष्टे, डोक्यावर पितळी तांबे, आणि ऐकायला आमच्याच वयाची, समोर गोणपाटावर बसणारी पोरं. आदल्या संध्याकाळी एकीच्या घरून नकार आला, मग दुसरीच्या, मग आमच्या घरून. गॅदरिंग झालं, गवळण झाली नाही.

आजीचा राग मी पुष्कळ वर्षं धरून होते. आमच्या भागाचा इतिहास वाचू लागले तेव्हा तिची भीती कुठून आली ते कळलं.

आमच्या शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्र लागला की तिथं फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे जत्रेचे पंच येतात, राहुटीत बसून तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. आमच्या जत्रेतही तमाशा यायचा. मुलगे संध्याकाळपासूनच पोतं टाकून पुढची जागा धरत. बायका आणि मुली तिकडं फिरकत नसत. आम्ही ओट्यावर बसून कर्ण्यातून येणारं गाणं ऐकायचो. गण व्हायचा, मग दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवायचे, मावशी भांडायची. दिसत काही नव्हतं, तरी पाठ सगळं होतं.

पूर्वी तमाशात बाईचं काम पुरुषच करत, त्याला नाच्या म्हणत. फडावर बाई उभी राहण्याची सुरुवात ज्यांच्यापासून सांगतात त्या पवळाबाई आमच्या सीमेपलीकडच्या, संगमनेरजवळच्या हिवरगावच्या. पठ्ठे बापूरावांच्या कवनांना त्यांचा गळा मिळाला आणि त्यांना पाहायला माणसं लोटली. पण गर्दी जितकी वाढली तितकं गाणाऱ्या बाईचं समाजातलं स्थान खाली गेलं. तिची जात खालची आणि ती पैसे घेऊन गाते, एवढ्यावर गावानं निकाल दिला होता. रात्रभर तिचं गाणं ऐकून सकाळी त्याच गळ्याला नावं ठेवायची, हा आमच्या वडीलधाऱ्यांचा व्यवहार होता. तो अन्याय होता, हे मी स्पष्टच लिहिते.

तमाशात गाजलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या वाट्यालाही हेच आलं. त्या १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. त्या लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्यांनी जग सोडलं.

त्याच २००२ साली टीव्हीवर एक वेगळंच दृश्य आलं. चॅनल व्हीने स्पर्धा घेऊन पाच तरुण मुली निवडल्या आणि 'विवा' नावाचा गट उभा केला. मुलींच्या अशा पॉप गटाचं आपल्याकडं तेव्हा मोठं अप्रूप होतं. त्याआधी इंग्लंडच्या पाच स्पाइस गर्ल्सनी १९९६ पासून जगभरच्या शाळकरी मुलींना वेड लावलं होतं, त्याच वळणाचं हे होतं. माझी लेक तेव्हा लहान होती. नारायणगावात मावशीकडं केबल होती, तिथं तिच्या मावसबहिणी आरशासमोर उभ्या राहून त्या गाण्यांवर नाचत. घरातल्या मोठ्यांना ते मुंबईचं खूळ वाटलं. आपल्या पोरींना असं गाता येईल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

ते आलं २००८ साली. झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' सुरू झालं. गाणारी मुलं शाळकरी, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी मुलंही शाळकरी. शेवटी उरलेल्या पाचांत तीन मुली होत्या: पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड. सोबत लातूरचा रोहित राऊत आणि कोकणातला प्रथमेश लघाटे. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की लेक रडायची, आणि ज्यांच्याकडं इन्व्हर्टर त्यांच्या पडवीत निम्मी आळी जमायची. माझी लेक दहा वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या पोरी डब्याच्या सुट्टीत गट पाडायच्या, कुणी आर्या, कुणी मुग्धा. बोलतानाही त्यांची नावं आपल्या मैत्रिणीची घ्यावीत तशी घ्यायच्या.

एका रात्री कार्तिकीनं गवळण गायली. खडा, मोकळा आवाज. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली, भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "काय गळा दिलाय देवानं!" मला तीस वर्षांपूर्वीचे पितळी तांबे आठवले आणि मी उठून आत गेले.

त्या रात्रीवर मी खूप विचार केला. गवळण हा प्रकार एकच. एकनाथांनी ती रचली, भजनी मंडळांनी गायली, फडानेही उचलली. देवळातून आली की लोक हात जोडत, राहुटीतून आली की तोंड फिरवत. कार्तिकीची गवळण आळंदीच्या वाटेनं आली होती, म्हणून आजीच्या घरात तिला मान मिळाला. २००९ च्या फेब्रुवारीत कार्तिकीच जिंकली, आणि जूनमध्ये लेक म्हणाली, मला गाणं शिकायचंय. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. आज आमच्या गॅदरिंगला पाच-सहा मुली एका रंगाचे कपडे घालून माइकसमोर उभ्या राहतात, समोर त्यांच्याच वयाच्या मुली ओरडत असतात, आणि बाप मोबाइलवर चित्रण करत असतात. २०२१ मध्ये ते पाच लिटिल चॅम्प्स त्याच कार्यक्रमात परीक्षक होऊन बसले, तेव्हा माझ्या लेकीनं आपल्या शिकवणीतल्या मुलींना बोलावून तो भाग दाखवला.

या आनंदात एक ऋण मात्र विसरलं जातं. लोकांच्या नजरा झेलत या मुलखात आधी ज्या गायल्या, त्या फडातल्या बायका होत्या. बोर्ड त्यांनी झिजवला, बोल त्यांनी खाल्ले. शासन आता विठाबाईंच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं, ते योग्यच आहे. पण मान घरातून मिळायला हवा. जुन्नर-आंबेगावच्या आयांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या चैत्रात नारायणगावात राहुट्या उभ्या राहतील, तेव्हा गाणाऱ्या लेकींना घेऊन तिथं जा. तिथल्या मावशींना नमस्कार करायला लावा, आणि एक गवळण समोर बसून ऐका.