इ. स. १९६९ ची राष्ट्रपतिनिवडणूक : दुसऱ्या पसंतीचा हिशेब

'श्री. व्ही. व्ही. गिरी हे १९६९ सालीं दुसऱ्या पसंतीच्या मतांवर राष्ट्रपति झाले' असें सरसकट लिहिलें जातें. आंकड्यांवरून पाहतां हें विधान आम्हांस अपुरें वाटतें.

भारतांत राष्ट्रपतीची निवड संसद व विधानसभा यांचे निर्वाचित सभासद करितात. आमदाराच्या मताचें मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतें, आणि मतदार उमेदवारांच्या नांवांपुढें पसंतीचे क्रमांक घालितो. पहिल्या मोजणींत कोणासही निम्म्याहून अधिक मतमूल्य न मिळाल्यास तळचे उमेदवार क्रमानें वगळून त्यांच्या मतपत्रिका पुढील पसंतीस देतात.

त्या वर्षीं पहिल्या मोजणींत गिरींस ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ व चिंतामणराव देशमुख यांस १,१२,७६९ मतमूल्य मिळालें. विजयास ४,१८,१६९ हवें होतें. गिरींस १६,६५४ कमी पडलें. फेरवाटणीनंतर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ वर आले. म्हणजे फेरवाटणींत रेड्डींस ९१,८७९ लाभलें, गिरींस अवघें १८,५६२!

तेव्हां दुसऱ्या पसंतीचा ओघ बहुतांशीं रेड्डींकडेच होता. गिरींस तारिलें तें पहिल्या मोजणींतील ८७,९६७ च्या आघाडीनें. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं सदसद्विवेकास स्मरून मत देण्याचें जें आवाहन केलें, त्याचें फळ शोधावयाचें तें या आघाडींतच शोधिलें पाहिजे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत काँग्रेस दुभंगली. तिची भेग या पहिल्या मोजणींतच उघड झाली होती, असें आमचें मत आहे.