कनेक्टिंग फ्लाइट
इच्छित स्थळी थेट विमान नसल्यास मधल्या विमानतळावर उतरून ज्या दुसऱ्या विमानाने पुढे जावे लागते, त्यास कनेक्टिंग फ्लाइट म्हणतात. मधला थांबा म्हणजे लेओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो २४ तासांहून अधिक असल्यास सामान्यतः स्टॉपओव्हर ठरतो.

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्याच्या विलंबाने दुसरे चुकले, तर पर्यायी विमानाची सोय सहसा विमान कंपनी करते. स्वतंत्र तिकिटे कधी कधी स्वस्त पडतात खरी, पण चुकलेल्या विमानाचा भुर्दंड प्रवाशालाच बसतो.

परदेशातून मुंबईमार्गे पुण्यास येताना पारपत्र तपासणी मुंबईतच होते. सामानही बहुधा तेथेच घेऊन, सीमाशुल्क तपासणीनंतर पुन्हा सोपवावे लागते. पुढचे विमान सांताक्रुझहून (टर्मिनल १) असल्यास सहारहून (टर्मिनल २) तेथे जावे लागते, तो वेळ वेगळाच. जामखेड तालुक्यातील खर्ड्यास पोहोचायचे असल्यास पुण्यानंतरही मोटारीचा प्रवास उरतोच.