मेसेज न वाचता हल्ला कसा ओळखतात? नेटवर्कमधली एन्ट्रॉपी

२५ जानेवारी २००३. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या त्रुटीतून ‘स्लॅमर’ नावाचा वर्म इंटरनेटवर सुटला. आकार फक्त ३७६ बाइट, एका सेल्फीपुढे नगण्य. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित मशीन्सची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत धोका असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक मशीन्स त्याच्या तावडीत सापडल्या. (दुरुस्ती सहा महिने आधीच आली होती, अनेकांनी ती टाकलीच नव्हती.) एवढ्या वेळात माणूस लॉग वाचून काय करणार?

इथे एन्ट्रॉपी कामाला येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या माहिती सिद्धांतातलं हे माप आहे. डेटा किती विखुरलेला आहे, हे ते एका आकड्यात सांगतं. पॅकेट्स आठ पत्त्यांवर सारख्या प्रमाणात जात असतील तर एन्ट्रॉपी ३ बिट. सगळी एकाच पत्त्यावर जात असतील तर शून्य.

प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी ॲड्रेस असतो, सोबत सहसा दोन्हीकडचे पोर्ट. दर काही मिनिटांनी या चारही गोष्टींची एन्ट्रॉपी काढायची आणि नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहायची, एवढंच काम. स्लॅमर वाट्टेल त्या पत्त्यांवर पॅकेट्स फेकत होता, पण पोर्ट मात्र एकच, १४३४. अशा वेळी घेणाऱ्या पत्त्यांची एन्ट्रॉपी चढते आणि पोर्टची कोसळते. डीडॉस हल्ल्यात हजारो मशीन्स एकाच सर्व्हरवर तुटून पडतात. तिथे पाठवणाऱ्यांची चढते, घेणाऱ्यांची उतरते.

नुसता ट्रॅफिक मोजून हे का भागत नाही? कारण हळूहळू पोर्ट चाचपणाऱ्या हल्लेखोराची पॅकेट्स एकूण गर्दीत दिसतच नाहीत. अनुकूल लखिना, मार्क क्रोव्हेला आणि क्रिस्तोफ दियो यांनी २००५ साली अमेरिका आणि युरोपातल्या मोठ्या नेटवर्क्सचा डेटा तपासून दाखवलं, की ट्रॅफिकच्या आकारमानातून निसटणाऱ्या अनेक गडबडी एन्ट्रॉपीत पकडल्या जातात.

यात मेसेज उघडावा लागत नाही, त्यामुळे एन्क्रिप्शन असलं तरी अडत नाही. अर्थात कोण कोणाशी बोलतंय हे दिसतंच, तीही खासगी माहितीच.

खरी पंचाईत वेगळीच आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो फोन एकाच साइटवर धावतात, तेव्हाही आकडे डीडॉससारखेच हलतात. काहीतरी बदललं एवढंच एन्ट्रॉपी सांगते, हेतू सांगत नाही. शिवाय हे माप ठाऊक असलेला हल्लेखोर मुद्दाम खोटी पॅकेट्स मिसळून आकडा जागच्या जागी ठेवू शकतो.