प्राचीन वैद्यकांतील सुइणीची निवड

प्रसूतिसमयीं स्त्रीचा जीव कोणाच्या हातीं सोंपवावा, हा प्रश्न पूर्वीं केवळ लज्जेच्या दृष्टीनें पाहिला जाई. जवळ बाईमाणूस असलें म्हणजे पुरे, तिच्या योग्यतेची चौकशी होत नसे, असें पुष्कळदां बोललें जातें. संहिताग्रंथांचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. तो येथें संक्षेपानें मांडतों.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, सूतिकागाराची सिद्धता सांगितली आहे. तूप, तेल, बिल्वकाष्ठाचे पलंग इत्यादि साहित्य सांगून ग्रंथकार परिचारिकांकडे वळतो. त्या अनेक वेळां प्रसूत झालेल्या, स्नेहशील, प्रसंगावधानी, विषादरहित व क्लेश सोसणाऱ्या असाव्या, असें तो म्हणतो. या गुणांत जातिकुलाचा निर्देश नाहीं. अथर्ववेदज्ञ ब्राह्मणांची गणना त्यानें स्वतंत्र केली आहे. कळ आल्यावांचून जोर करूं नये, तो व्यर्थ जातो, हा उपदेश गर्भिणीस याच स्त्रियांनीं करावयाचा. कळा देणाऱ्या स्त्रीनें मुसळ घेऊन धान्य कांडावें, असें कित्येकांचें मत तेथें नमूद आहे. परंतु आत्रेय तें स्पष्टपणें नाकारतो व चालणें-फिरणें तेवढें योग्य ठरवितो. म्हणजे रूढ उपायांचीही परीक्षा होत होती.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत (अध्याय १०) परिचारिकांची संख्या ४ दिली आहे. त्या विश्वासू, प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या असाव्या. नखांचें कारण ग्रंथकार देत नाहीं. इजा टाळणें हाच हेतु प्रथम संभवतो. त्यावर आधुनिक जंतुशास्त्राचा आरोप करूं नये. तथापि निवडीची कसोटी थेट हाताच्या बोटांपर्यंत पोंचली होती, एवढें निश्चित.

प्रसूति अडल्यास मात्र शस्त्रवैद्याची गांठ पडे. मूढगर्भाच्या उद्धरणाइतकें कष्टप्रद कर्म दुसरें नाहीं, कारण तें स्पर्शानेंच करावें लागतें, असें चिकित्सास्थानांत (अध्याय १५) सांगून वैद्यानें अधिपतीची अनुमति घ्यावी, असा नियम घातला आहे. जिचा जीव पणाला लागला तिची संमति त्या वाक्यांत विचारलेली नाहीं, हेंही झांकून ठेवूं नये.

या प्राचीन प्रसूतिविद्येकडे आधुनिक वैद्यकाच्या परीक्षकांचें लक्ष वेधणारी स्त्री महाराष्ट्रांतीलच होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं इ. स. १८८६ मध्यें पेनसिल्व्हानियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतून एम्. डी. ची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहा दिवसांत दगावलें होतें. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें व त्यांच्या विद्येचा लाभ येथील स्त्रियांस मिळावयाचा तो राहिला.

शास्त्रांतील नियम व घरांतील व्यवहार एकच होते, असें मात्र यावरून सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध करण्यास जुन्या दप्तरांतील सुटे कागदच हवेत. बाळंतपणाच्या खर्चाची यादी, सुइणीचें नांव, तिला दिलेलें लुगडें किंवा धान्य यांचा उल्लेख ज्यांच्या रुमालांत सांपडेल, त्या संग्राहकांनीं तो कागद क्षुल्लक समजून टाकूं नये. राजकारणाचीं पत्रें जपणारे पुष्कळ आहेत. हीं चिटोरीं गेलीं तर माजघराचा इतिहास त्यांबरोबर जाईल.